खाण्यासाठी नसलेली कालवे

न्यूयॉर्कमधल्या हायस्कूलच्या मुलांना समाजसेवेच्या तासांची फार काळजी असते, कारण पुढे कॉलेजच्या अर्जात ते तास दाखवता येतात. माझी मुलगी दहावीत असताना 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट'च्या कामाला गेली ती प्रथम याच कारणासाठी, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी तिच्यासोबत गेले ते मात्र निराळ्या कारणाने. माझे माहेर देवगड तालुक्यातले, खाडीकाठचे. सुकतीच्या वेळी खडकांवरची कालवे, म्हणजे शिंपल्यात राहणारे ऑयस्टर, कोयतीने फोडून आणणाऱ्या बायका आणि संध्याकाळी घरोघरी शिजणारे कालवांचे सुके यांच्यातच माझे लहानपण गेले. न्यूयॉर्कच्या ज्या बंदरात दिवसरात्र मालवाहू जहाजे आणि फेरीबोटी फिरतात, तिथल्या गढूळ पाण्यात कोणी पुन्हा कालवे वाढवत आहे, हे ऐकून मला नवल वाटले आणि शनिवारी सकाळी मुलीबरोबर मीही बोटीत बसले.

आम्ही गेलो ते गव्हर्नर्स आयलंड हे मॅनहॅटनच्या दक्षिण टोकासमोरचे छोटेसे बेट आहे. दीर्घकाळ ते लष्कराकडे होते, नंतर 1996 पर्यंत तटरक्षक दलाकडे, आणि आता तिथे बाग, जुन्या बराकी आणि एक सरकारी हायस्कूल आहे. 'न्यूयॉर्क हार्बर स्कूल' हे त्या शाळेचे नाव. 2003 साली ती ब्रुकलिनमधल्या बुशविकला सुरू झाली आणि 2010 मध्ये या बेटावर आली. तिथली मुले नेहमीच्या विषयांबरोबर बोट चालवणे, बोट बांधणे, पाण्याखाली बुडी मारून काम करणे आणि मत्स्यशेती असे विषय शिकतात. शाळेचे संस्थापक मरे फिशर आणि तिथले शिक्षक पीट मालिनोव्स्की यांनी 2014 साली हा प्रकल्प उभा केला. मालिनोव्स्की स्वतः फिशर्स आयलंडवरच्या कालवांच्या शेतीवर वाढलेले आहेत. 2035 पर्यंत बंदरात एक अब्ज कालवे सोडायची, असे प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. त्या आकड्याबद्दल माझे मत पुढे सांगते.

पहिल्या दिवशी आम्हाला एकही जिवंत कालव दिसले नाही. दिसला तो शिंपल्यांचा ढीग, माणसाच्या उंचीच्या वर गेलेला, पांढरा आणि करडा. शहरातल्या हॉटेलांमध्ये लोकांनी खाऊन टाकलेल्या कालवांचे हे शिंपले वेगळ्या पिंपांत जमा होतात, ट्रकने गोळा केले जातात आणि बेटावर आणून उघड्यावर रचून ठेवले जातात. निदान वर्षभर ते ऊनपावसात तसेच पडून राहतात, म्हणजे आतले उरलेसुरले मांस किडेमुंग्या खातात, ऊन रोगजंतू मारते, आणि दुसऱ्या पाण्यातला एखादा आजार या बंदरात जाण्याची भीती राहत नाही. आमचे काम होते जुन्या ढिगातले शिंपले फावड्याने जाळीच्या पेट्यांत भरणे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धुणे आणि त्यांत आलेला कचरा वेचून काढणे. लिंबाच्या वाळलेल्या फोडी, प्लॅस्टिकचे छोटे काटे, चिकनची हाडे आणि एकदा तर कोणाचा तरी चहाचा चमचा, असे बरेच काही त्यात सापडले. वास नवख्या माणसाला सहन होणारा नव्हता. दोन मुली नाकाला रुमाल बांधून काम करत होत्या, आणि माझ्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचा अर्थ मला स्पष्ट कळला. पण ती घरी जाऊ या असे म्हणाली नाही.

या शिंपल्यांशिवाय पुढचे काहीच का होत नाही, हे एका प्रशिक्षकाने मुलांना समजावून दिले. कालवाचे पिल्लू जन्मल्यावर दोनतीन आठवडे पाण्यात तरंगत राहते. मग त्याच्या अंगावर डोळ्यासारखा एक काळा ठिपका येतो, सरपटायला एक बारीकसा पाय फुटतो, आणि ते बूड टेकवण्यासाठी टणक जागा शोधू लागते. दुसऱ्या कालवाचा शिंपला ही त्याची सर्वांत आवडती जागा असते. ती मिळाली की ते आपली डावी शिंप तिला कायमची चिकटवते आणि त्यानंतर आयुष्यभर तिथून हलत नाही. जागा मिळाली नाही तर ते चिखलात पडून मरते. न्यूयॉर्कच्या बंदराचा तळ आज बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा आहे. जुने शिंपले पिढ्यान्‌पिढ्या काढून नेले गेले, चुना करण्यासाठी आणि रस्ते भरण्यासाठीही वापरले गेले, आणि उरले त्यांच्यावर गाळ बसला. म्हणजे पाणी स्वच्छ झाले तरी कालवांना बसायला घर नाही. जमैका बे या खाडीत 2016 साली शहराच्या पाणीखात्याने काढून टाकलेल्या हजारो जुन्या कमोडांचे फोडलेले तुकडे तळाशी टाकून त्यावर कालवांचे खडक उभे करण्याचा प्रयत्न केला होता, हे ऐकल्यावर मुले किती वेळ हसत होती! पण चिनीमाती टणक असते, आणि पिल्लाला एवढेच हवे असते.

बेटावरच्या टाक्यांमध्ये हे 'बीज बसवण्याचे' काम चालते. लाखो पिल्ले एका ओल्या कागदी गाळणीत मावतात. एकेक पिल्लू मिरपुडीच्या कणाएवढे असते. शिंपल्यांनी भरलेल्या जाळीच्या पेट्या टाकीत उतरवायच्या, पाण्यात हवा सोडायची, पिल्ले ओतायची आणि काही दिवस वाट पाहायची. नंतर शिंपल्याच्या आतल्या गुळगुळीत बाजूवर बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात. माझ्या मुलीने भिंगातून एका शिंपल्यावर असे ठिपके मोजायचा प्रयत्न केला. एकेका शिंपल्यावर अनेक पिल्ले बसतात, एकमेकांना ढकलत वाढतात, त्यांतली बरीचशी मरतात, आणि उरलेल्यांचा वेडावाकडा झुबका होतो. बाजारात विकायचे कालव सुटे आणि सुबक लागते. इथे झुबकाच हवा असतो, कारण असे झुबके एकमेकांवर चढत जाऊन जो खडक तयार होतो त्याच्या कपारींत लहान मासे, खेकडे आणि कोळंबी आसरा घेतात. त्याला इथे 'ऑयस्टर रीफ' म्हणतात.

ही कालवे खायची नाहीत, हे आम्हाला पहिल्याच दिवशी दोनदा बजावून सांगितले. पाण्यात मैलापाण्याचे जंतू असतात, गाळात कारखान्यांनी सोडलेले जड धातू आणि पीसीबी नावाची विषारी रसायने आहेत, आणि पाणी गाळून खाणाऱ्या प्राण्याच्या अंगात हे सगळे साठत जाते. रविवारी देवगडला फोन केला तेव्हा मी आत्याला हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "खावची नाय तर मग वाढवतत कित्याक गो?" प्रश्न अगदी रास्त होता. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे राहणारे लेनापे लोक, त्यानंतर आलेले डच आणि इंग्रज, आणि एकोणिसाव्या शतकात तर गाडीवर उभे राहून खाणाऱ्या मजुरांपासून श्रीमंतांपर्यंत सगळे न्यूयॉर्ककर ही कालवे पोटभर खात होते. एके काळी या बंदराच्या परिसरात सुमारे 2,20,000 एकरांवर कालवे पसरलेली होती, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. अतोनात उपसा आणि उघड्यावर सोडलेले मैलापाणी यांनी ती संपली. टायफॉइडसारख्या रोगांची धास्ती होतीच, आणि 1927 साली बंदरातला शेवटचा कालवांचा पट्टाही काढणीसाठी बंद झाला. 1972 च्या जलशुद्धी कायद्यानंतर पाणी हळूहळू सुधारले आणि मासे परतू लागले, पण खाण्याजोगे कालव परतायला अजून कितीतरी वर्षे आहेत.

शेजारच्या न्यू जर्सीत तर याच भीतीपोटी एक विलक्षण प्रसंग घडला होता, आणि तो घडला ती रॅरिटन बे ही खाडी जवळ असूनही एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना तो ठाऊक नसेल. दूषित पाण्यातली कालवे कोणी चोरून बाजारात विकली तर राज्याचा सगळा शिंपला-व्यवसाय बदनाम होईल, या कारणाने 2010 साली राज्य सरकारने अशा पाण्यात संशोधनासाठीही कालवे वाढवायला मनाई केली, आणि एका पर्यावरण संस्थेला कीपोर्टजवळ लावलेली आपली कालवे उपटून काढावी लागली. पुढे त्या संस्थेला जागा मिळाली ती अर्ल येथील नौदलाच्या शस्त्रागाराच्या हद्दीत, जिथे चोर जाऊ शकत नाहीत. कालवांना नौदलाचा पहारा! आत्याला हे सांगितले तेव्हा ती हसली, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला यातून मिळाले असे काही मला वाटत नाही.

पुढच्या खेपांमध्ये मुलांनी लोखंडी जाळीचे पत्रे वाकवून पेट्या बांधल्या. पक्कडीने कड्या आवळायच्या, कोपरे जुळवायचे, सुटलेल्या तारांची टोके आत वळवायची, असे ते काम. कंटाळवाणे आहे, पण पोरांना ते शिंपले धुण्यापेक्षा आवडते. गप्पा मारत करता येते आणि दुपारी आपण किती पेट्या केल्या ते समोर दिसते. एवढेच.

मला खरे गुंतवून टाकले ते नंतरच्या कामाने. बंदराच्या वेगवेगळ्या धक्क्यांवरून दोराने लहान लोखंडी पिंजरे पाण्यात सोडलेले असतात, आणि शाळांचे गट व स्वयंसेवक ते ठरावीक काळाने वर काढून आतल्या कालवांची नोंद घेतात. माझ्या मुलीच्या गटाकडे ब्रुकलिनच्या एका धक्क्यावरचा पिंजरा आला. दोर ओढायला तिघे लागले. पिंजरा वर आला तेव्हा तो पिंजरा आहे हे ओळखू येत नव्हते, कारण त्यावर समुद्री शेवाळ, पिचकाऱ्या मारणारे जेलीसारखे मऊ जीव आणि चॉकलेटी गाळ यांचा जाड थर चढला होता आणि एका बाजूला कोणाची तरी मासेमारीची तुटलेली दोरी गुंडाळली गेली होती. तो पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये ठेवताच आतून बारीक खेकडे चहूकडे पळाले. ते पळून जाण्याआधी मोजायचे असतात, म्हणून पहिली काही मिनिटे गोंधळाची जातात: एकजण ओरडून नाव सांगतो, दुसरा तक्त्यावर रेघ मारतो, तिसरा धक्क्याच्या कडेला पोहोचलेल्या खेकड्यामागे धावतो. चिखलखेकडे, पारदर्शक कोळंबी, बोटभर लांबीचा गोबी मासा आणि एकदा मोठ्या तोंडाचा, बेडकासारखा दिसणारा टोडफिश, जो हातात घेतल्यावर घुरघुरतो. ज्या मुलाने तो उचलला त्याने घाबरून तो पुन्हा ट्रेमध्ये टाकला आणि मग सगळ्यांना हातात घ्यायचा होता!

त्यानंतर शांतपणे करायचे काम सुरू होते. प्रत्येक कालव हातात घ्यायचे, जिवंत आहे की मेलेले ते ठरवायचे आणि कॅलिपरने, म्हणजे मोजमापाच्या चिमट्याने, बिजागरीपासून कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायचे. जिवंत कालव घट्ट मिटलेले असते. थोडे उघडे असले तर टिचकी मारायची. मिटले तर जिवंत, न मिटले तर मेलेले. दोन्ही शिंपा जोडलेल्या पण आत पोकळ असतील तर ते अलीकडेच मेलेले असते आणि त्याची वेगळी नोंद करावी लागते. माझ्या मुलीने मला अशी एक शिंप दाखवली, जिच्यावर सुईने पाडल्यासारखे अगदी गोल भोक होते. एक बारकी गोगलगाय शिंप पोखरून आतले मांस खाते. प्रशिक्षकाने ते भोक दाखवल्यावर मुलांना मेलेल्या कालवांतही रस वाटू लागला; तोपर्यंत त्यांना ती नोंद नकोशी वाटत होती. गटातल्या एका मुलाने संशयास्पद कालवे जिवंतांच्या रकान्यात ढकलायला सुरुवात केली होती, तेव्हा बारावीतल्या एका मुलीने त्याला शांतपणे म्हटले, की आपण इथे कालवांना पास करायला आलेलो नाही. ते वाक्य मला फार आवडले. कितीतरी मोठी माणसे कार्यालयात जे तक्ते भरतात त्यांच्याविषयीही ते खरे आहे.

पाण्याची तपासणी हा शेवटचा भाग. तापमान, क्षारता, आम्लता, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू. समुद्राच्या पाण्यात हजारात साधारण 35 भाग क्षार असतात; इथे हडसन नदीचे गोडे पाणी मिसळत असल्याने आकडा त्यापेक्षा बराच खाली असतो आणि भरतीओहोटीप्रमाणे बदलतो. कालवाला हे मधलेच पाणी मानवते. आमच्या खाडीच्या तोंडाशी कालवे जास्त का, हे मला देवगडला कधी कोणी सांगितले नव्हते, ते मी ब्रुकलिनच्या धक्क्यावर शिकले. प्राणवायू उन्हाळ्यात घसरतो, आणि लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक जीवांना जड जाते. या शहराच्या सुमारे 60 टक्के भागात पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतो. जोराचा पाऊस आला की शुद्धीकरण केंद्रे भरून जातात आणि उरलेले थेट बंदरात सोडले जाते. म्हणून पावसानंतर लगेच पिंजरा काढत नाहीत, आणि काढला तरी हातमोजे काढून कोणी खायला बसत नाही. माझी मुलगी आता घरी पाऊस सुरू झाला की कपडे धुण्याचे मशीन लावू देत नाही, कारण आपले पाणीही त्याच नळात जाते. मला ते थोडे अतिरेकी वाटते, पण चूक म्हणता येत नाही.

आता त्या एक अब्जाबद्दल. आतापर्यंत दहा कोटींहून अधिक कालवे बंदरात सोडल्याचे प्रकल्प सांगतो आणि त्यात हजारो शाळकरी मुलांचा हात आहे. ही गोष्ट मोठी आहे यात शंका नाही. पण सोडलेली आणि जगलेली यांत फरक असतो, आणि त्यातला दुसरा आकडा मिळवण्यासाठी कोणीतरी थंड पाण्यात बुडी मारून किंवा धक्क्यावर वाकून मोजावे लागते. एक कालव दिवसाला 50 गॅलन म्हणजे सुमारे 190 लिटर पाणी गाळते, हे वाक्यही प्रत्येक फलकावर असते. ते पूर्ण वाढलेल्या कालवाचे, उबदार पाण्यातले, उत्तम परिस्थितीतले कमाल माप आहे. थंडीत तर कालव जवळजवळ बंदच असते. बेटावर गढूळ पाण्याच्या दोन काचपेट्या ठेवून, एकीत कालवे घालून, काही तासांत ती कशी नितळ होते हे मुलांना दाखवतात. तो प्रयोग पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात आणि मी त्याविरुद्ध नाही. मात्र काचपेटी म्हणजे बंदर नव्हे, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे, आणि आमच्या प्रशिक्षकाने ते सांगितले, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. पाणी स्वच्छ करणे हे शेवटी गटारांचे काम आहे. कालवांकडून ते करून घेण्याची भाषा शहराला सोयीची असते.

तरी आत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आता एक उत्तर आहे. कालव खाल्ले नाही तरी त्याच्या खडकावर मासे राहतात, लाटेचा जोर कमी होतो, गाळ स्थिर राहतो. 2012 च्या सँडी वादळानंतर स्टेटन आयलंडच्या टॉटनव्हिल किनाऱ्यासमोर दगडी लाटारोधक बांधले गेले, आणि त्यांच्या कपारी मासे आणि कालवे यांना राहता यावे अशा मुद्दाम आखल्या आहेत. आत्याने ऐकून घेतले आणि सांगितले की सिंधुदुर्गात आता बचत गटाच्या बायका खाडीत कालवांची शेती करतात, आणि ती मात्र खातात. तिथले कालव निराळ्या जातीचे आहे, पण तेही कोणत्यातरी टणक गोष्टीलाच चिकटते. मुलीने मला विचारले की ते लोक जगलेली मोजतात का. मी म्हटले, विकायची असतील तर मोजावीच लागतात.

ती आता नव्या मुलांना कॅलिपर धरायला शिकवते. समाजसेवेचे तास केव्हाच पूर्ण झाले. त्यानंतरचे तास ती लिहून ठेवत नाही, असे ती सांगते, आणि मी तपासत नाही. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतल्या कोणा मराठी कुटुंबाला मुलांना पाठवायचे असेल तर काही व्यावहारिक गोष्टी: नाव आधी नोंदवावे, बेटावर जाणारी बोट मॅनहॅटनच्या बॅटरी मेरिटाइम बिल्डिंगवरून सुटते, बूट बंद आणि टाकाऊ असावेत, कारण शिंपल्याची कड सँडलमधून पाय कापते, डबा सोबत न्यावा, पण शिंपल्यांजवळ उघडू नये, आणि परत आल्यावर ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर मुळीच धुऊ नयेत.